पालवीआधीचे रान

अमेरिकेत लेकीच्या बाळंतपणासाठी गेलेल्या आईवडिलांच्या वाट्याला येते ती बहुतांशी खिडकीतून दिसणारी अमेरिका. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन ही सगळी नावे ‘बाळ जरा मोठे झाले की’ या खात्यात जमा होतात. त्यातून मुक्काम हिवाळ्यातला असेल, तर खिडकीबाहेरही पाहण्यासारखे फारसे काही नसते. राखाडी आकाश, काळपट झाडे आणि रस्त्याच्या कडेला साचून मळलेला बर्फ. आम्ही जानेवारीच्या अखेरीस न्यू जर्सी राज्यात, एडिसनजवळ, लेकीकडे उतरलो. या भागात मराठी घरे इतकी, की दुकानात मेथीची जुडी निवडताना शेजारचे कोणीतरी मराठीतच तिच्या भावाबद्दल कुरकुरते. सोबतीची वाण नव्हती. पण घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती.

ह्यांना दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला. उजवा पाय थोडा ओढला जातो, डाव्या हातात चार पायांची काठी असते आणि शब्द जिभेवर येऊन अडतात. समजते सगळे, सांगायच्या वेळी नेमका हवा तो शब्द दडी मारतो. पुण्यात सकाळ-संध्याकाळ मिळून पाऊण तास चालण्याचा नेम होता. एडिसनला तो स्वयंपाकघर ते दिवाणखाना एवढ्यावर आला. दाराबाहेरच्या पायऱ्यांवर पहाटे काचेसारखा बर्फ धरे. त्यावरून धडधाकट माणूसही घसरतो. सात आठवड्यांत पाऊल आखूड झाले, वळताना तोल जाऊ लागला, आणि बोलणे ‘हो’, ‘नको’ आणि ‘बाळ’ या तीन शब्दांवर येऊन ठेपले. ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. सहा महिन्यांची कमाई जायला सहा आठवडेही पुरतात.

पुण्याच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी व्हिडिओ कॉलवर ह्यांचे चालणे पाहिले. म्हणाल्या, “बर्फ वितळला की काकांना बाहेर काढा. मॉलमध्ये चालवा, हरकत नाही. पण खऱ्या जमिनीवरही चालवा. थोडा चढ, थोडा उतार, आणि सोबत माणूस.” मॉलमध्ये एकदा नेले. दहा मिनिटांत ह्यांनी खुर्ची शोधली आणि ‘नको’ म्हटले. तेव्हा जावयांनी बोमन्स हिलचे नाव काढले.

डेलावेअर नदी ही न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन राज्यांमधली सीमा. अलीकडच्या तीरावर लॅम्बर्टव्हिल, पलीकडे न्यू होप, आणि दोहोंना जोडणारा लोखंडी पूल. एडिसनहून मोटारीने साधारण तासाभराची वाट. पूल ओलांडून नदीकाठाने दक्षिणेकडे काही मिनिटे गेले, की बोमन्स हिल वाइल्डफ्लॉवर प्रिझर्व्ह लागते. १९३४ साली स्थापन झालेले, सुमारे १३४ एकरांचे हे राखीव रान त्या भूमीच्या देशी वनस्पतींसाठी राखलेले आहे. १७७६ च्या नाताळच्या रात्री जॉर्ज वॉशिंग्टनने बर्फाच्या लाद्यांनी भरलेली डेलावेअर सैन्यासह ओलांडली, ती जागाही इथून फार दूर नाही. बहुतेक प्रवासी त्या इतिहासासाठी येतात आणि रानाच्या फाटकावरून पुढे निघून जातात. आमच्यासारख्या सावकाश चालणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडते, कारण वाटा मोकळ्या राहतात.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मार्च संपत आला होता. बीच, ओक, मेपल, ट्यूलिप ट्री अशी उंच झाडे पूर्ण उघडी उभी होती. खाली गेल्या वर्षीच्या पानांचा तपकिरी थर. फुलांचे रान म्हणून आलो आणि एकही फूल दिसेना. फाटकाशी भेटलेल्या स्वयंसेवक आजीबाई, वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्तच असावे, हसून म्हणाल्या, “वर पाहू नका, खाली पाहा.”

या दोन शब्दांत त्या रानाचे सगळे गमक आहे. आपल्याकडे फाल्गुन-चैत्रात वसंत डोक्यावर असतो. पळस, पांगारा, काटेसावर निष्पर्ण होऊन पेटतात आणि आपण मान वर करून पाहतो. पेनसिल्व्हेनियाच्या रानातला वसंत टाचेजवळ असतो. त्याचे कारण उन्हात आहे. उंच झाडांना भरगच्च पालवी यायला तिथे मे महिना उजाडतो. तोवर सूर्यप्रकाश उघड्या फांद्यांतून थेट जमिनीपर्यंत पोचतो. मार्चची अखेर ते मेचा मध्य, म्हणजे फार तर सहा-सात आठवडे, जमिनीलगतच्या झाडांना हे ऊन मिळते. एवढ्या अवधीत त्यांना कंदातून वर यायचे असते, पाने पसरायची असतात, फुलायचे असते, थंडीत भटकणाऱ्या मोजक्या मधमाश्यांना आणि माश्यांना बोलवायचे असते, बी धरायचे असते आणि पुढच्या वर्षाची शिदोरी मुळाशी साठवायची असते. मग वर पानांचे छत मिटते, खाली काळोखी सावली येते, आणि यांतली कित्येक झाडे पिवळी पडून जमिनीत परततात. इंग्रजीत त्यांना ‘स्प्रिंग एफेमरल्स’ म्हणजे वसंतातली क्षणजीवी झाडे म्हणतात. मला हे नाव पटत नाही. क्षणभर असते ते त्यांचे दर्शन. झाड स्वतः वर्षानुवर्षे जमिनीखाली जिवंत असते.

आपल्या सह्याद्रीतही असे जमिनीत दडून राहणारे पुष्कळ आहेत. त्यांचे घड्याळ मात्र उन्हाऐवजी पाण्यावर चालते. पहिल्या सरी पडल्या की कुलीची पाने वर येतात, रानहळद फुलते. भुईचाफा तर त्याही आधी, ऐन उन्हाळ्यात, एकही पान नसताना जमिनीतून थेट फूल वर काढतो. घाटमाथ्यावर लहानपण गेलेल्या वाचकांना तो जांभळट-पांढरा अचंबा आठवत असेल.

रानातून पिडकॉक नावाचा ओढा वाहतो. त्याच्या काठच्या दलदलीत त्या दिवशी आम्हाला पहिले फूल दिसले, आणि ते मुळीच सुंदर नव्हते. चिखलातून वर आलेला, मुठीएवढा, वांगी-तांबड्या रंगाचा, ठिपक्याठिपक्यांचा एक टोपरा. त्याच्या पोटात पिवळसर, वाटोळा गोळा. वास कुजका. नाव स्कंक कॅबेज. स्वयंसेवक बाई माहिती सांगत होत्या आणि मी ती ह्यांच्यासाठी मराठीत करत होते. हे फूल स्वतःच्या अंगातली साठवण जाळून उष्णता निर्माण करते. बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते ३५ अंश सेल्सिअसने अधिक उबदार राहू शकते आणि सभोवतालचा बर्फ वितळवून वर येते. उबेने वास पसरतो आणि थंडीत गारठलेल्या माश्या आत ओढल्या जातात. याची मुळे आकसून झाडाला दरवर्षी थोडे अधिक खोल खेचतात, त्यामुळे जुने झाड उपटू म्हटले तरी उपटत नाही.

हे काठीवर भार देऊन बराच वेळ त्या टोपऱ्याकडे पाहत राहिले. ओठ हलत होते. घाई करायची नाही, शब्द आपण पुरवायचा नाही, असे आम्हाला शिकवले आहे. पण तसे गप्प राहणे किती अवघड असते ते ज्याचे त्याला ठाऊक. अखेर म्हणाले, “सुरण.”

जावयांना वाटले, बाबांना भूक लागली. पण ते अगदी बरोबर बोलले होते. संगमेश्वरच्या घरामागे ह्यांच्या आई सुरण लावीत. फुलावर आलेल्या सुरणाचा तो मांसल, जांभळा, दुर्गंधी घेर ज्याने पाहिला आहे त्याला हे नाते सांगावे लागत नाही. स्कंक कॅबेज, सुरण आणि अळू ही एकाच कुळातली भावंडे. सात आठवड्यांनंतर आलेला तो नवा शब्द होता, आणि तो कोणी न विचारता आला होता.

त्यानंतर दर दहा-बारा दिवसांनी, जावयांना सवड असेल तेव्हा, आम्ही तिथे जाऊ लागलो. मधल्या दिवसांसाठी नदीकाठच्या जुन्या कालव्याची वाट होती. पूर्वी खेचरे जिथून बोटी ओढून नेत, ती ही सपाट वाट. सरावाला उत्तम. गुडघेदुखी किंवा तोल जाण्याची भीती असणाऱ्यांनी आधी कालव्याचीच वाट धरावी आणि नंतर रानाच्या चढउताराचा विचार करावा, असे मी सुचवीन.

चालण्याची आमची एक पद्धत बसली. पडण्याची भीती ज्यांच्या मनात बसली आहे ती माणसे पावलांकडे पाहत चालतात. त्याने पाठ वाकते आणि तोल उलट अधिक बिघडतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट बाईंचा हुकूम होता, नजर समोर. आणि फुले तर सगळी खाली! मग आम्ही दोन्ही कामे वेगळी केली. चालताना नजर दहा पावले पुढे. फूल दिसले की आधी थांबायचे, दोन्ही पाय सारख्या अंतरावर रोवायचे, काठी टेकवायची, आणि मगच मान खाली. मी त्यांच्या अशक्त बाजूला, म्हणजे उजवीकडे, अर्धे पाऊल मागे. पाठीवरच्या पिशवीत घडीची खुर्ची जावयांकडे. अशा रीतीने पाव मैलाला पाऊण तास लागे. मागून येणारी तरुण मंडळी झपाझप पुढे जात, आणि वळणावर परत भेटली की विचारीत, “तुम्हाला काही दिसले का? आम्हाला फारसे नाही दिसले.”

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रान पालटले. वर झाडे तशीच उघडी; खाली मात्र पाचोळ्यातून पांढरे, फिकट जांभळे ठिपके उमटले होते. सर्वांत देखणे ब्लडरूट. त्याची कळी एकाच पानात गुंडाळलेली वर येते. तान्ह्या मुलाला कुंची घालून उन्हात आणावे तशी. घरी दोन महिन्यांची नात असल्यामुळे दुसरी उपमा मला सुचेना. मग पानाची कुंची जरा सैल होते आणि आठ-दहा पाकळ्यांचे शुभ्र फूल उघडते. एखाद-दोन दिवस, वारा-पाऊस नसला तर थोडे जास्त, की पाकळ्या गळतात. त्याच आठवड्यात डचमन्स ब्रीचेस म्हणून एक फूल पाहिले. दोरीवर उलटे वाळत घातलेले पांढरे लेंगे हुबेहूब. ते दाखवल्यावर हे चक्क मोठ्याने हसले.

आपल्या पिढीला कोणतीही वनस्पती दाखवली की पहिला प्रश्न ठरलेला: ही कशावर चालते? मीही तो विचारला, आणि त्याचे उत्तर इथे सविस्तर देणे मला अगत्याचे वाटते. ब्लडरूटच्या कंदाला इजा झाली की रक्तासारखा तांबडा रस येतो. तिथले मूळ रहिवासी तो रंगासाठी आणि औषधासाठीही वापरीत. परंतु हा रस जिवंत पेशी नष्ट करतो. त्यापासून केलेले लेप त्वचेवरच्या कर्करोगावर घरगुती उपाय म्हणून विकले जातात. त्याने चांगली त्वचाही जळून खोल जखमा होतात, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा लेपांविरुद्ध इशारे दिलेले आहेत. हिपॅटिका नावाचे दुसरे फूल, निळसर, केसाळ देठाचे. याचे पान तीन पाळ्यांचे, यकृताच्या आकाराचे. केवळ एवढ्या साम्यावरून एकोणिसाव्या शतकात ते यकृताचे औषध म्हणून खपले. आकार जुळला म्हणजे गुण जुळला, असे मानणारी ही जुनी युरोपीय समजूत. तशी ती आपल्याकडेही अधूनमधून डोके वर काढते. यकृतावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

खरा गुण सापडला तो मे-ॲपलमध्ये, आणि तोही विषातून. या झाडाच्या मुळांत असलेल्या पोडोफायलोटॉक्सिन या द्रव्यापासून रसायनशास्त्रज्ञांनी इटोपोसाइड हे औषध घडवले. फुप्फुसाच्या आणि वृषणाच्या काही कर्करोगांवर ते आज जगभर दिले जाते. याची एक बहीण आपल्या हिमालयात वाढते, वनककडी. औषधासाठी ती इतकी उपटली गेली, की आता दुर्मीळ झाली आहे. तेव्हा रानात पाहावे, वास घ्यावा, फोटो काढावा; तोंडात आणि अंगावर मात्र काही घेऊ नये. विशेषतः रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी अनोळखी मुळ्यांचे प्रयोग अजिबात करू नयेत.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ब्लूबेल आल्या. व्हर्जिनिया ब्लूबेल हे त्यांचे पूर्ण नाव. त्या वेळी लेक आणि बाबागाडीतली नात सोबत होती. ओढ्याकाठचा सखल भाग निळा झाला होता. कळ्या गुलाबी, उमलल्या की निळ्या. एकाच घोसात दोन्ही रंग. दगडी पुलाजवळच्या बाकावर ह्यांना बसवले आणि कोणीच काही बोललो नाही. एवढे मात्र सांगते, फोटोत तो निळा उतरत नाही.

त्याच वाटेवर ट्राउट लिली होती. पानांवर माशासारखे तपकिरी डाग, फूल पिवळे, खाली मान घातलेले. शेकडो पाने आणि फुले जेमतेम वीस-पंचवीस. असे का? कारण एकच पान असलेले रोप फुलत नाही. बियापासून निघाल्यावर अनेक वर्षे ते एका पानावरच दिवस काढते, दरवर्षी कंद थोडा थोडा भरते, आणि पुरेशी साठवण झाली की दोन पाने काढून फुलते. त्यांच्या काही वसाहती शंभराहून अधिक वर्षे जुन्या असतात. ट्रिलियमचीही तीच तऱ्हा. तीन पाने, तीन हिरवी संदले, तीन पांढऱ्या पाकळ्या. बेलाच्या त्रिदलाची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना ते फूल परके वाटत नाही. बियापासून पहिल्या फुलापर्यंत त्याला सात वर्षे किंवा अधिकही लागतात. फूल जुने झाले की पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी छटा चढते. तोडताना फुलाखालची ती तीन पानेही गेली, तर झाडाची त्या वर्षाची सगळी कमाई जाते आणि कधीकधी झाडही जाते.

यांचे बी वारा नेत नाही, पक्षी नेत नाहीत, मुंग्या नेतात. बियाला एक तेलकट, मऊ कण चिकटलेला असतो. मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, तो कण आपल्या पिलांना भरवतात आणि उरलेले बी वारुळाच्या उकिरड्यात टाकतात. तिथे त्याला खतमाती आयती मिळते. मुंगी काही फार दूर जात नाही. त्यामुळे असे रान एकदा नांगरले गेले, तर भोवती नवी झाडे वाढली तरी ही फुले परत यायला पिढ्या जातात. त्यात हरणांची भर. शिकारी प्राणी उरले नाहीत, हरणे बेसुमार वाढली, आणि ट्रिलियम हा त्यांचा आवडता घास. म्हणूनच या रानाभोवती उंच कुंपण आहे. ते पाहून आधी मनात येते, फुलांना कशाला तुरुंग? मग कुंपणाबाहेरची जमीन पाहावी. ओढ्याच्या काठाने तिथे युरोपातून आलेल्या लेसर सेलंडाइनचा पिवळाधमक गालिचा पसरलेला दिसतो. अनेक जण त्याचेच फोटो काढतात. त्या गालिच्याखाली देशी फुलांना जागाच उरत नाही.

आता काळजीच्या दोन गोष्टी, कारण आनंदाच्या भरात त्या राहून जातात. पहिली गोचीड. हरणांच्या प्रदेशातली काळ्या पायांची गोचीड लाइम नावाच्या आजाराचे जंतू वाहून नेते. पूर्ण वाढलेली तिळाएवढी, आणि मे-जूनमध्ये निघणारी लहान पिढी खसखशीच्या दाण्याएवढी. वयस्कर डोळ्यांना ती दिसत नाही. फिकट रंगाची विजार घालावी, तिचे पायघोळ मोज्यांत खोचावेत, वाटेच्या मधोमध चालावे, पाचोळ्यात बसू नये. साडीचा आग्रह त्या दिवसापुरता सोडावा. घरी आल्यावर स्नान, आणि सोबतच्या व्यक्तीने गुडघ्यांच्या मागे, कमरेशी, काखेत, कानांमागे, केसांच्या कडेला नीट पाहावे. चिकटलेली आढळली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल, तूप, काडीचा चटका असे काही करू नये. पुढच्या ३ ते ३० दिवसांत लाल चट्टा पसरू लागला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना गोचिडीचे आवर्जून सांगावे. भारतात परतल्यावर असे झाले तर हे सांगणे अधिकच महत्त्वाचे, कारण आपल्या डॉक्टरांच्या मनात लाइमचे नाव सहसा पहिले येत नाही.

दुसरी गोष्ट पॉयझन आयव्ही. तीन-तीन पानांची ही वेल वसंतात तांबूस, चकचकीत असते. तिच्या स्पर्शाने अंगावर फोड उठतात. नुसत्या वाळक्या खोडाचा चीकही पुरतो. आपला बिब्बा याच कुळातला, हे कळल्यावर मला अधिक स्पष्टीकरण लागले नाही. बिब्बा उतलेला ज्याने पाहिला आहे तो त्या वेलीला हात लावणार नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये ओक आणि बर्चचे परागकण हवेत दाटतात. दम्याच्या रुग्णांनी फवारा खिशात ठेवावा, आणि बाहेर पडण्याआधी परागकणांची त्या दिवसाची पातळी मुलांना फोनवर पाहायला सांगावी.

मेच्या मध्यावर गेलो तेव्हा वर हिरवे छत जवळजवळ जुळले होते. उकाडा नव्हता, पण रानात शिरताच संध्याकाळ झाल्यासारखे वाटले. ब्लूबेल पिवळ्या पडून आडव्या झाल्या होत्या. ब्लडरूटला लांबट शेंगा धरल्या होत्या. उतारावर मे-ॲपलच्या मात्र शेकडो हिरव्या छत्र्या उघडलेल्या. त्याचे पांढरे फूल दोन छत्र्यांच्या बेचक्यात, खाली तोंड करून लपलेले असते. पाहायचे तर जमिनीशी वाकायला हवे, आणि ते आम्हा दोघांनाही जमण्यासारखे नव्हते. मी पर्समधला कुंकवाच्या करंड्याचा आरसा काढला. जावयांनी तो छत्रीखाली धरला. आरशात ते मेणासारखे फूल आणि त्याचे पिवळे केसर नीट दिसले. अशा ठिकाणी जाताना छोटा आरसा जवळ असावा.

लेकीने त्या दिवशी एक गोष्ट सांगितली. हेन्री डेव्हिड थोरो, ज्याच्या कायदेभंगावरच्या निबंधाची गांधीजींनी आवर्जून दखल घेतली, तो १८५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या कॉन्कॉर्ड गावाच्या रानात कोणते फूल कोणत्या तारखेला उमलले याच्या नोंदी ठेवीत असे. बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी यांनी त्या नोंदी आजच्या तारखांशी ताडून पाहिल्या. हवा तापत चालली तशी ही फुले लवकर येऊ लागली आहेत. पण झाडांची पालवी त्यांच्याहूनही अधिक लवकर येऊ लागली आहे. म्हणजे मुळातच तोकडा असलेला उन्हाचा अवधी आणखी आकसतो आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने वहीत लिहून ठेवल्या नसत्या, तर या तारखा आज ताडून पाहताच आल्या नसत्या.

हे ऐकल्यावर ह्यांनी परतीच्या वाटेवर खूण करून वही मागितली. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत तीस वर्षे पावसाच्या आणि पाणीपातळीच्या नोंदी ठेवलेला हात. आता डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत. तारीख, फुलाचे नाव, आणि पुढे एक-दोन शब्द. नावे लेक सांगे, शब्द त्यांचे. चालणे पूर्वीसारखे झाले असे मी म्हणणार नाही. थकले की पाय अजूनही ओढला जातो. पण जूनमध्ये फिजिओथेरपिस्ट बाईंनी पुन्हा पाहिले, तेव्हा पाऊल लांबले आहे आणि वळणे सुधारले आहे, असे त्या म्हणाल्या. औषधाच्या वेळा, सकाळचा व्यायाम, प्रथिनांकडे दिलेले लक्ष, या सगळ्याचा त्यात वाटा आहे. त्यातला किती वाटा रानाचा, ते मोजायला माझ्याकडे तराजू नाही.

परतीचे तिकीट जुलैचे होते. जूनच्या अखेरीस एकदा जाऊन आलो. स्वयंसेवक बाई म्हणाल्या, “आता फुलांचे फारसे काही नाही.” खरेच नव्हते. दगडी पुलापलीकडचा तो निळा सखल भाग आता नेच्यांनी आणि सावलीने भरला होता. लेक बाबागाडी थांबवून म्हणाली, “बाबा, ब्लूबेल होत्या ती जागा हीच ना? की पुढची?”

हे थांबले. दोन्ही पाय रोवले, काठी टेकवली, मग पाहिले. काठीचे टोक थोडे उचलून ओल्या मातीकडे नेले.

“इथेच,” म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “आहेत. खाली.”